टोयोटा मिराई : गाडी पैकीच्या पैकी, पण भरायची कुठे?

हायड्रोजनपासून स्वतःच वीज बनवून चालणाऱ्या मिराईचं इंधनाचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला एक छोटं लेबल दिसतं. त्यावर एक तारीख छापलेली असते आणि त्या तारखेनंतर या गाडीत हायड्रोजन भरू नये, अशी स्पष्ट सूचना. टाक्या बनल्यापासून साधारण १५ वर्षांची ती मुदत असते. पेट्रोलच्या गाडीत टाकी किती वर्षं चालेल हा प्रश्नच कुणाच्या डोक्यात येत नाही. इथे मात्र तारीख उलटली की बाकीची गाडी कितीही ठणठणीत असली तरी नव्या टाक्या बसवल्याशिवाय ती चालवता येत नाही. जुनी मिराई बघायला जाणाऱ्याने किलोमीटरच्या आकड्याआधी हे लेबल वाचावं.

पहिली मिराई डिसेंबर २०१४मध्ये आली, दुसरी डिसेंबर २०२०मध्ये. हे परीक्षण दुसऱ्या पिढीच्या गाडीचं आहे. लांबी जवळजवळ ५ मीटर, मोटर मागच्या चाकांना जोडलेली, ताकद १३४ किलोवॅट, टॉर्क ३०० न्यूटन मीटर, शून्यावरून ताशी १०० किलोमीटर साधारण ९ सेकंदांत. चालवायला गाडी शांत आणि भारदस्त आहे. खड्ड्यावरून जाताना वजन जाणवतं, पण आदळत नाही. ॲक्सिलरेटर एकदम दाबला की पुढून कॉम्प्रेसरचा बारीक, चढत जाणारा आवाज येतो, कारण स्टॅकला, म्हणजे हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र करून वीज बनवणाऱ्या सेलच्या चळतीला, हायड्रोजनबरोबर हवाही तितक्याच वेगाने पुरवावी लागते. नव्या माणसाला वाटतं काहीतरी बिघडलंय. तसं काही नसतं.

आत काय चालतं ते थोडक्यात. फ्युएल सेल स्टॅकमध्ये ३३० सेल एकमेकांना चिकटून बसवलेले आहेत. भार पडल्यावर एक सेल जेमतेम ०.६ ते ०.७ व्होल्ट देतो. सगळे मिळून दोनशेच्या वर व्होल्ट होतात आणि पुढे कन्व्हर्टर ते ६५०पर्यंत चढवतो. स्टॅकची कमाल क्षमता १२८ किलोवॅट. सोबत १.२४ किलोवॅट-तासांची छोटी लिथियम-आयन बॅटरी आहे. ब्रेक मारताना परत मिळणारी वीज ती साठवते आणि अचानक ताकद लागली तर स्टॅकला हातभार लावते. या बॅटरीला चार्जर लावायची सोय नाही. ही गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा, पुढे तिचा मोठा संबंध येतो.

हायड्रोजन तीन टाक्यांत असतो. एक लांब टाकी गाडीच्या मधोमध, बोगद्यात झोपवल्यासारखी, दुसरी मागच्या सीटखाली आणि तिसरी डिकीच्या बाजूला. तिन्हींची मिळून जागा सुमारे १४२ लिटर आणि त्यात मावतो फक्त ५.६ किलो हायड्रोजन, तोही ७०० बारच्या, म्हणजे साध्या हवेच्या सुमारे ७०० पट दाबाने. या दाबाला आणि १५ अंश तापमानाला एक लिटर जागेत जेमतेम ४० ग्रॅम हायड्रोजन बसतो. टाकीची रचना तीन थरांची: आत प्लॅस्टिकचं अस्तर, त्यावर कार्बन फायबरची गुंडाळी, बाहेरून काचतंतू. भरलेल्या टाक्यांच्या एकूण वजनात हायड्रोजनचा वाटा सुमारे ६ टक्के. म्हणजे साडेपाच किलो इंधनासाठी नव्वदेक किलोचं भांडं गाडी कायम घेऊन फिरते. टाक्या गोल नळकांड्यांसारख्याच असाव्या लागतात, बॅटरीसारख्या चपट्या करून फरशीखाली पसरता येत नाहीत. म्हणून पाच मीटरच्या गाडीत मागच्या मधल्या प्रवाशाला पाय फाकून बसावं लागतं, मागची सीट पाडता येत नाही आणि डिकी एखाद्या लहान हॅचबॅकएवढीच राहते. कुटुंब घेऊन लांब जायचं असेल तर चौघं आणि मोजकं सामान, एवढाच हिशेब धरा.

कागदावर एका भरण्यात ६५० किलोमीटर. शहरात, हलक्या पायाने चालवली तर हा आकडा गाठता येतो; १०० किलोमीटरला ०.८ ते ०.९ किलो वापर होतो. २०२१मध्ये कॅलिफोर्नियात अतिशय जपून चालवून एका भरण्यात १,३६० किलोमीटरचा विक्रमही झाला, पण तो विक्रम म्हणूनच घ्यायचा. हायवेला ताशी १२०ने धरून चालवली की वापर किलोच्या पुढे सरकतो आणि पाचशेच्या आसपासच भरवसा ठेवावा. थंडीत मात्र मिराई बॅटरीच्या गाडीपेक्षा उजवी ठरते. स्टॅकची वाया जाणारी उष्णता केबिन गरम करायला आयती मिळते आणि उणे ३० अंशांतही ती सुरू होते. गाडी बंद केल्यावर काही वेळ आतून घरघर ऐकू येते. स्टॅकमधलं उरलेलं पाणी हवेने बाहेर ढकललं जात असतं, नाहीतर रात्री ते आतच गोठेल आणि सेलमधला पापुद्र्यासारखा पातळ पडदा फाटेल. ते काम पूर्ण होऊ द्या.

पाणी भरपूर येतं. १ किलो हायड्रोजनमागे ९ किलो, म्हणजे १०० किलोमीटरला सात-आठ किलो. काही वाफ होऊन, काही थेंबांनी. डॅशबोर्डवर 'एचटूओ' लिहिलेलं बटण आहे. गाडी घरात लावण्याआधी ते दाबलं की साठलेलं पाणी बाहेरच सोडून देता येतं.

आता पंपाकडे येऊ. मिराई घ्यायची की नाही, हे गाडीच्या शोरूममध्ये ठरवायचं नाही, पंपावर ठरवायचं.

भरण्याची पद्धत अशी. गाडी पार्किंगला लावून पूर्ण बंद करा. झाकण उघडा, रबरी टोपी काढा आणि भरण्याच्या तोंडाभोवती धूळ किंवा पाणी नाही ना, ते पाहा. नोझल सरळ धरून दाबा, लिव्हर फिरवून कुलूप बसल्याचा खटका ऐका आणि नोझल हलकेच मागे ओढून पाहा. निघून आलं तर ते बसलेलंच नव्हतं. मग पंप सुरू करा. सुरुवातीला एक छोटा झोत येतो. त्यावरून पंप टाकीतला दाब मोजतो आणि गळती तपासतो. मग भरणं सुरू होतं. मध्येच पंप काही क्षण थांबतो, ती पुन्हा गळतीची तपासणी असते. बंद पडला म्हणून नोझल काढायला धावू नका. सगळं सुरळीत असेल तर पाच मिनिटांत टाकी भरते.

या पाच मिनिटांमागे बरीच यंत्रं राबत असतात. दाबाखाली भरताना टाकीतला वायू तापतो. त्यात हायड्रोजनचा स्वभाव उलटा: बहुतेक वायू बारीक तोंडातून सुटले की थंड होतात, हा नेहमीच्या तापमानाला किंचित गरम होतो. टाकीच्या अस्तराची मर्यादा ८५ अंश. म्हणून भरण्याआधी हायड्रोजन उणे ४० अंशांपर्यंत थंड करावा लागतो आणि दाब किती वेगाने चढवायचा, हे एसएई जे२६०१ या नियमावलीनुसार पंप ठरवतो. शीतयंत्र कमी पडलं तर पंप वेग कमी करतो किंवा भरणंच थांबवतो. उन्हाळ्याच्या दुपारी पाच मिनिटांचं काम दहा-पंधरा मिनिटांवर जाण्याचं हे नेहमीचं कारण.

दुसरा त्रास नोझल गोठण्याचा. उणे ४०चा वायू आतून गेला की धातू इतका थंड होतो की दमट हवेतली वाफ त्यावर बर्फ होऊन बसते आणि नोझल गाडीला चिकटतं. एकामागून एक गाड्या भरल्या की हे हमखास घडतं. अशा वेळी पिळू नका, ठोकू नका, जोर लावून ओढू नका. आतली रबरी कडी फाटते आणि पुढचं भरणं गळती दाखवून बंद पडतं. काही मिनिटं थांबलं की बर्फ आपोआप सुटतो. चांगल्या पंपांवर नोझलवर कोरडा नायट्रोजन सोडायची सोय असते. पंप निवडायला पर्याय असेल तर हे जरूर विचारा.

तिसरी गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. नोझल आणि गाडी इन्फ्रारेडने एकमेकांशी बोलतात. टाकीचं तापमान आणि दाब गाडी पंपाला कळवत राहते. भरण्याच्या तोंडाभोवतीच्या कडीवर धूळ बसली की हे बोलणं तुटतं. मग पंप अंदाजाने आणि जपून भरतो, म्हणजे टाकी पुरती भरायच्या आधीच थांबतो. दर वेळी ८५ किंवा ९० टक्क्यांवरच अडकत असेल तर पंपावर तक्रार करण्याआधी कोरड्या मऊ फडक्याने ती कडी पुसून पाहा.

पंपावर ३५० बारचं आणि ७०० बारचं अशी वेगवेगळी नोझल असू शकतात. ३५० बारचं नोझल मिराईला बसतं, कारण कमी दाबाचं नोझल जास्त दाबाच्या गाडीला बसेल, उलट बसणार नाही, अशीच रचना ठेवली आहे. पण त्या दाबाला लिटरमागे २४ ग्रॅमच मावतात, म्हणजे टाकी ६० टक्क्यांच्या आसपासच भरते. अडचणीत हा उपाय उत्तम. चुकून तेच नोझल लावलं आणि काटा वर का जात नाही म्हणून हैराण झालेले ग्राहकही असतात.

सगळ्यात मोठी अडचण मात्र नोझलच्या मागे आहे. पंपावर नऊशे बारच्या वर दाबलेल्या हायड्रोजनचा साठा असतो. गाडी लागली की तो आधी कमी दाबाच्या, मग जास्त दाबाच्या नळकांड्यांतून सोडला जातो. दोन-तीन गाड्या लागोपाठ भरल्या की साठ्याचा दाब उतरतो आणि कॉम्प्रेसरला तो परत चढवायला वेळ लागतो. चौथ्या गाडीला अर्धीच टाकी मिळते किंवा थांबावं लागतं. म्हणून पंपाची दिवसाची क्षमता विचारून भागत नाही. 'पाठोपाठ किती गाड्या पूर्ण भरतात?' असं विचारा. उत्तर द्यायला माणूस अडखळला तर काय समजायचं ते समजा.

आणि हा कॉम्प्रेसरच वारंवार बंद पडतो. हायड्रोजनचा रेणू इतका लहान की साध्या सीलमधून निसटतो, आणि उच्च ताकदीच्या पोलादात शिरून ते ठिसूळ करतो. तेल हायड्रोजनमध्ये मिसळू नये म्हणून अनेक पंपांवर पातळ धातूच्या पडद्याचे कॉम्प्रेसर वापरतात. पडद्याला चीर गेली की यंत्र उघडावंच लागतं. त्याखालोखाल होझ, नोझल आणि झडपा. दिवसातून शंभर वेळा उणे ४० आणि परत साध्या तापमानाला जाणारी रबरी नळी किती दिवस टिकणार? सुटे भाग मोजक्या कारखान्यांतून येतात, दुरुस्ती करणारी माणसं मोजकी. पेट्रोल पंपाचं एक नोझल बंद असेल तर शेजारी तीन चालू असतात. हायड्रोजन पंपावर एक बिघडलं की बहुधा सगळा पंपच बंद.

पुरवठाही नाजूक आहे. २०० बारचा नळकांड्यांचा ट्रेलर, चाळीस टनांच्या घरातलं धूड, तीन-चारशे किलो हायड्रोजन आणतो. म्हणजे साठ-सत्तर मिराई. द्रवरूपात आणला तर एका टँकरमधून बराच जास्त येतो, पण तो उणे २५३ अंशांवर सांभाळावा लागतो आणि तरी थोडा थोडा उकळून जात राहतो. एखाद्या कारखान्यात बिघाड झाला की काय होतं ते जून २०१९मध्ये दिसलं. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथे ट्रेलर भरण्याच्या केंद्रात आग लागली आणि आसपासच्या पंपांवर बराच काळ टंचाई राहिली. त्याच महिन्यात १० तारखेला नॉर्वेत सांडविका इथल्या पंपावर स्फोट झाला. उच्च दाबाच्या टाकीच्या बुचाचे बोल्ट नीट आवळलेले नव्हते, असं तपासात निघालं. तिथे मिराईची विक्रीही काही काळ थांबवली गेली. फेब्रुवारी २०२४मध्ये शेल कंपनीने कॅलिफोर्नियातले आपले मोटारींसाठीचे हायड्रोजन पंप कायमचे बंद करत असल्याचं जाहीर केलं. गाडीत दोष नसताना गाडी दारात उभी राहते ती अशी, आणि मालकाच्या हातात काहीच नसतं. मन लावून बनवलेल्या गाडीची ही अवस्था बघवत नाही.

होंडाने या अडचणीवर सरळ उपाय शोधला. २०२४च्या सीआर-व्ही ई:एफसीईव्ही या हायड्रोजन गाडीत १७.७ किलोवॅट-तासांची बॅटरी आहे आणि ती घरच्या विजेवर चार्ज होते. पंप बंद असला तरी चाळीसेक किलोमीटरची रोजची धावपळ भागते. मिराईला हीच सोय नाही, आणि आमच्या मते ही तिची सर्वात मोठी उणीव. ह्युंदाईच्या नेक्सो या हायड्रोजन गाडीलाही २०१८च्या पिढीत प्लग नव्हता, ६.३ किलो हायड्रोजन आणि एसयूव्हीची जागा, एवढं मात्र ती जास्त देते.

इंधन कसलं मिळतंय, तेही बघा. फ्युएल सेलसाठी आयएसओ १४६८७ या मानकात किमान ९९.९७ टक्के शुद्धता लागते. पण खरं महत्त्व उरलेल्या ०.०३ टक्क्यात काय आहे याला. कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत ०.२ भागांपेक्षा जास्त चालत नाही, गंधक ०.००४ भागांपेक्षा. दोन्ही स्टॅकमधल्या प्लॅटिनमला, म्हणजे ज्याच्यामुळे वीज बनवणारी क्रिया घडते त्या धातूला, चिकटतात आणि त्याची जागा अडवतात. कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम चांगलं इंधन मिळत गेलं की बराचसा उतरतो. गंधक सहजी सुटत नाही. नैसर्गिक वायूपासून बनवलेल्या हायड्रोजनमध्ये शुद्धीकरण ढिलं पडलं तर कार्बन मोनॉक्साइड येतो, विजेने पाणी फोडून बनवलेल्यात ओलावा आणि ऑक्सिजन. पंपचालकाकडे शेवटच्या तपासणीचा दाखला मागा. हायड्रोजनला वासाचं रसायनही घालत नाहीत, कारण ती रसायनं बहुधा गंधकाचीच असतात. म्हणून गळती नाकाला कळत नाही. गाडीतले सेन्सर ती ओळखून टाकीच्या झडपा बंद करतात. हायड्रोजनचा इशारा दिसला तर गाडी उघड्यावर थांबवा, बंद करा, बाहेर या आणि सेवा केंद्राला कळवा.

सुरक्षिततेबद्दल भीती आणि बेफिकिरी दोन्ही ऐकू येतात. हवेत ४ ते ७५ टक्के मिश्रण पेट घेऊ शकतं, ठिणगीही अगदी क्षुल्लक पुरते, आणि दिवसा ज्वाळा जवळजवळ दिसत नाही. दुसरीकडे हा वायू हवेच्या चौदापट हलका आहे, उघड्यावर झपाट्याने वर निघून जातो. आग लागून टाकी तापली तर ११० अंशांच्या आसपास एक झडप उघडते आणि फुटण्याआधी हायड्रोजन सोडून देते. धोका बंद छपराखाली असतो, जिथे तो साठतो. गाडी लावायच्या जागेत सगळ्यात वरच्या टोकाला हवा जायला वाट आहे का, ते बघा. खालची जाळी इथे कामाची नाही.

विजेचा हिशेब थोडक्यात सांगतो. १ किलो हायड्रोजन विजेने बनवायला ५० ते ५५ युनिट लागतात, दाबून थंड करायला आणखी चार-पाच. टाकीभर म्हणजे सव्वातीनशेच्या घरात. त्यात ६५० किलोमीटर. तेवढ्याच विजेत याच आकाराची बॅटरीवरची गाडी अडीचपट लांब जाते. ज्याला घरी चार्जिंग करता येतं आणि दिवसाला शंभर किलोमीटरच चालायचं आहे, त्याने मिराई घेण्यात अर्थ नाही. रोज लांब पल्ला, थांबायला वेळ नाही आणि आपल्याच डेपोत पंप, अशा टॅक्सी सेवेला किंवा कंपनीच्या ताफ्याला ती शोभते. पंपाच्या देखभालीचा माणूस डेपोतच असतो, गाड्या ठरलेल्या वेळी येतात, कॉम्प्रेसरला दम घ्यायला मधे वेळ मिळतो.

देखभालीत दोन चुका महागात पडतात. पहिली कूलंटची. स्टॅकमधून फिरणारं कूलंट वीज न वाहणारं असावं लागतं, म्हणून त्यासोबत आयन शोषणारा फिल्टर असतो. कुणी रेडिएटरमध्ये साधं हिरवं कूलंट किंवा नळाचं पाणी टाकलं की वहनक्षमता वाढते, इन्सुलेशनचा दोष दिसतो आणि गाडी सुरू होत नाही. कूलंट कमी झालं असेल तरी कंपनीचंच टाका. दुसरी एअर फिल्टरची. तो फक्त धूळ अडवत नाही, हवेतले गंधक आणि नायट्रोजनचे ऑक्साइडही शोषतो, कारण स्टॅक तीच हवा खातो. बाहेरचा स्वस्त कागदी फिल्टर बसवला तर इंजिनाचं काही बिघडत नाही, कारण इथे इंजिनच नाही; झिजतो तो स्टॅक, आणि कळतं दोन वर्षांनी, ताकद उतरल्यावर. रेडिएटरच्या जाळ्याही धुळीपासून जपा. पेट्रोलच्या इंजिनात बरीच उष्णता धुराबरोबर जाते. इथे जवळजवळ सगळी रेडिएटरलाच बाहेर टाकावी लागते, तीही ८० अंशांच्या आत. उन्हात, लांब चढावर गाडी स्वतःहून ताकद कमी करते ती यामुळे.

घ्यायची ठरलीच असेल तर नकाशावर दोन पंप शोधा, आणि दोघांचा पुरवठा वेगवेगळ्या ठिकाणाहून येतो याची खात्री करा. एकाच कारखान्याच्या ट्रेलरवर चालणारे दोन पंप हे बंद पडण्याच्या बाबतीत एकच. मग टाकीचा काटा दुसऱ्या पंपापर्यंत जाण्याइतक्या इंधनाच्या खाली कधी उतरू देऊ नका, आणि निघण्याआधी पंपाचं त्या घडीचं चालू-बंद बघूनच निघा. कारण रस्त्यात हायड्रोजन संपला तर डब्यात भरून आणता येत नाही. चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेड बोलवावा लागतो, आणि त्यावर चढवून गाडी चालू असलेल्या पंपापर्यंत न्यावी लागते.